पुठ्ठेकाकांची दहा डोकी

माझं अपहरण झालं तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो, वजन ब्याऐंशी किलो होतं आणि मी भर दुपारी, साठ-सत्तर माणसांच्या देखत, रांगेत उभा होतो. पळवून नेणारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे होते. अंगाने दाभणासारखे. वारा सुटला की खिशात दोन दगड टाकून बाहेर पडावं लागेल अशी प्रकृती. पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि त्याच क्षणी मी त्या मनगटावर पाणी सोडलं. असली पकड मी आयुष्यात दोनदाच अनुभवली आहे. पहिल्यांदा बोहल्यावर.

रांग होती प्रौढ शिक्षण केंद्रातल्या पावाच्या वर्गाची. पन्नाशीच्या माणसाला अचानक पाव भाजायला का शिकावंसं वाटतं? साडूमुळे. माझ्या साडूने आदल्या महिन्यात घरी पाव केला. एकदाच केला. त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. "भावजींनी स्वतःच्या हाताने मळला" हे वाक्य मी चहाबरोबर ऐकलं, जेवताना ऐकलं, आंघोळ करताना दाराबाहेरून ऐकलं. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी रांगेत उभा राहिलो.

माझ्यापुढे एक ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई होत्या. हातात हिरवी कापडी पिशवी. त्यांनी सही केली, टेबलामागच्या कारकुनाने त्यांच्या नावाखाली पट्टीने रेघ ओढली आणि म्हणाला, "वीस झाले. आता प्रतीक्षायादी." बाईंनी मागे वळून माझ्याकडे जरा दिलगिरीने पाहिलं आणि त्या निघून गेल्या. आणि तेवढ्यात ती पकड बसली.

"पाव दोन दिवसांत शिळा होतो," कानाशी आवाज आला. "मी शिकवतो ते शंभर वर्षं टिकतं."

मी काही विचारायच्या आत आम्ही व्हरांडा ओलांडला होता, चार नंबरच्या खोलीत शिरलो होतो आणि माझ्यापुढे अर्ज होता. 'हा वर्ग का निवडला' या रकान्यात त्यांनी माझ्या वतीने स्वतःच लिहून टाकलं, 'लहानपणापासूनची आवड'. सही करून झाल्यावर मी विचारलं की वर्ग कशाचा आहे. तो पुस्तकबांधणीचा होता.

अशी माझी आणि पुठ्ठेकाकांची ओळख झाली.

त्यांचं खरं नाव केंद्राच्या हजेरीपटावर होतं, पण ते वाचून कोणाला काही बोध झाला नसता. बांधणीचं दुकान चालवण्यात त्यांचा जन्म गेला. शाळांची रजिस्टरं, वकिलांचे जाडे ग्रंथ, लोकांच्या आजोबांच्या फाटक्या पोथ्या असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. ते माणसांनाही पुस्तकांसारखंच बघायचे. कोणाची पाठ सुटलीय, कोणाचे कोपरे झिजलेत, कोणाला नुसतं वरून नवं कापड चढवलंय. माझ्याकडे पहिल्या दिवशी बघून म्हणाले, "पानं बरीच दिसतात. शिलाई ढिली आहे."

दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी सगळं विकलं, पण एक दाबयंत्र विकलं नाही. ओतीव लोखंडाचं, माणसाच्या खांद्याएवढं उंच, वर गाडीच्या स्टिअरिंगसारखं चाक. खळ लावलेली पुस्तकं त्यात दाबून ठेवायची, म्हणजे सुकताना वाकडी होत नाहीत. घरी ते ठेवायला जागा नव्हती. ते आत आलं असतं तर काका-काकूंना बाहेर झोपावं लागलं असतं. म्हणून त्यांनी ते केंद्राला देऊन टाकलं आणि बदल्यात आठवड्यातून तीन दिवस, पाच ते सात, चार नंबरच्या खोलीत वर्ग घ्यायची परवानगी मिळवली. वर्ग आहे तोवर यंत्राजवळ जाता येणार. वर्ग गेला की यंत्रही गेलं. काकांचा सगळा जीव एवढ्याशा गोष्टीवर टांगलेला होता.

आणि ती गोष्ट नियमावर टांगलेली होती. केंद्र म्हणजे जुनी तारकचेरी. तारा बंद झाल्या, पण भिंतींना हुकूम ऐकायची सवय राहिली. दारातच काचेमागे नियमावली लावलेली होती, एकूण तेवीस नियम. काकांना तीन पाठ होते. नियम सात: सहाव्या आठवड्यात कुठल्याही दिवशी तपासणी होईल आणि त्या वेळी किमान दहा विद्यार्थी प्रत्यक्ष काम करताना दिसले पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद. नियम नऊ: एका माणसाचं नाव एका सत्रात एकाच वर्गात. नियम अकरा: बंद झालेल्या वर्गाची खोली सर्वांत लांब प्रतीक्षायादी असलेल्या वर्गाला मिळेल.

काकांचे विद्यार्थी माझ्यासकट अकरा. सर्वांत लांब प्रतीक्षायादी पाच नंबरच्या खोलीची. म्हणजे भिंतीपलीकडची. म्हणजे पावाची.

तिथे शिकवायच्या त्या पावबाई. नवऱ्याच्या मागे पंधरा वर्षं एकटीने भट्टी चालवलेली बाई, आवाज असा की भिंतीतून आला तरी ताजा वाटावा. त्यांच्या वर्गात हसणं चालायचं. आमच्या वर्गात शिस्त होती. पाच वाजून चाळीस मिनिटांनी भट्टीचं दार उघडायचं आणि वास भिंतीखालून, दाराखालून, खिडकीतून आत यायचा. अकरा माणसांच्या हातातल्या सुया एकदम थांबायच्या. काका त्या वेळी मुद्दाम मोरचुदाची बरणी उघडायचे. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद चिमूटभर घालतात. मोरचुदाला वास नसतो, तरी काका ते वासावर उतारा म्हणून घालायचे. आमची खळ हळूहळू निळी होत गेली.

मत्सर पुष्कळांना होतो. मी स्वतः साडूच्या पावावर जळत होतो. पण काकांचा मत्सर पहिल्या दर्जाचा होता. त्यात कारागिरी होती. केंद्राच्या कोठीतून दोन्ही वर्गांना मैदा मिळायचा, आम्हाला खळीसाठी, त्यांना पावासाठी. त्यांना आठवड्याला एक पोतं, आम्हाला एक डबा. काका डबा घेऊन परत येताना असा चेहरा करायचे, की जणू घरच्या जमिनीतला वाटा भावाने लाटलाय. एकदा त्यांनी ऑफिसला तीन पानी अर्ज दिला: 'शेजारील वर्गाच्या वासामुळे अध्यापनात व्यत्यय.' उत्तर आलं, नियमावलीत वासाचा उल्लेख नाही. ते उत्तर त्यांनी पुठ्ठ्यावर डकवून ठेवलं. कागद बरा होता म्हणाले.

सगळ्यात मजा यायची हात तपासताना. पावाच्या वर्गात झालेला पाव केंद्राबाहेर न्यायला बंदी होती, हाही एक नियमच, त्यामुळे पावबाई संध्याकाळी प्रत्येक वर्गात एक-एक पाव पाठवायच्या. आमच्या दारातून तो परत जायचा. मग विद्यार्थी काय करणार? कोणी पाणी प्यायला जायचं, कोणाला फोन यायचा, कोणाला व्हरांड्यात चक्कर यायची. परत आल्यावर काका दारातच उभे.

"हात बघू."

आम्ही शाळकरी पोरांसारखे हात पुढे करायचो. काका चष्मा कपाळावर चढवून नखं बघायचे. खळ वाळली की पापुद्रा धरते आणि कणीक वाळली की गोळी होते. हा फरक त्यांना दहा फुटांवरून कळायचा. पावाचा चुरा सापडला की ओरडायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "बरं होतं का?" तो प्रश्न ऐकून माझा घास घशात परत यायचा. एका निवृत्त शिक्षिकेने एकदा खरं उत्तर दिलं, "फारच छान होतं हो." काका त्या दिवशी तिच्याशी पुढे बोलले नाहीत. तिला दिलेली सुई मात्र नंतर सगळ्यांत बोथट निघायची.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी मला घरी नेलं, चामड्याचे तुकडे दाखवायला. दोन खोल्यांचं घर, सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, औषधांच्या बाटल्यासुद्धा उंचीप्रमाणे. चहा घेऊन काकू बाहेर आल्या आणि मी कप सांडता सांडता वाचलो. ठेंगण्या, गोल चेहरा. दारामागच्या खिळ्याला हिरवी कापडी पिशवी.

काकूंनी मला ओळखलं. एक क्षण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नियमावलीत नसलेला चोविसावा नियम मला तोंडपाठ झाला: गप्प बसायचं. मी बसलो.

काका पावबाईंवर घसरले होते. वास, पोतं, हसणं, सगळं क्रमाने. काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझा कधी एवढा संशय घेतला नाही. घेतला असता तर मला बरं वाटलं असतं."

काका म्हणाले, "तुझा काय संशय घ्यायचा?"

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. हलक्या आवाजात सांगितलं की दुकान होतं तेव्हा तीस वर्षं त्यांनी घरी बसून छापील कागदांच्या घड्या घातल्या, फर्म्यांचे ढीगच्या ढीग. काका ते ढीग न्यायचे आणि दुकानात बसून सगळ्या घड्या पुन्हा एकदा दाबून घ्यायचे. वाईट झाल्या असं कधी म्हणाले नाहीत. चांगल्या झाल्या असंही नाही. "तिकडे मी पहिल्या दिवशी मळलेला गोळा बाईंनी सगळ्यांना उचलून दाखवला," काकू म्हणाल्या. बासष्टाव्या वर्षी त्यांचे कान लाल झाले होते.

काका मंगळवार, गुरुवार, शनिवार घरून साडेचारला निघायचे. काकू पावणेपाचला. सातनंतर काका यंत्र पुसत रेंगाळायचे, तोवर काकू घरी पोचलेल्या असायच्या.

सहाव्या आठवड्यातला गुरुवार उजाडला तोच वाईट. अकरातले चार जण गायब. मायलेकी लग्नाला गेल्या होत्या, एक कारकून दाढ काढून घेऊन घरी झोपला होता आणि सुताराला अचानक काम लागलं होतं. उरलो सात. पाच वाजून वीस मिनिटांनी ऑफिसातून निरोप आला की तपासनीस आल्या आहेत, एक नंबरच्या खोलीपासून सुरुवात केली आहे.

काकांचा चेहरा कोऱ्या पुठ्ठ्यासारखा झाला. ते दाबयंत्राजवळ गेले आणि त्याच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. आत एकही पुस्तक नव्हतं, तरी त्यांनी चाक अर्धं वळण घट्ट केलं.

दोन नंबरची खोली झाली, तीन नंबरची सुरू झाली. आणि आमच्या दारात पावबाई उभ्या राहिल्या. मागे तीन बायका. चौघींच्याही हातांना कोपरापर्यंत मैदा.

"काका, माझ्याकडे वीस आहेत, तीन कमी झाल्या तर मला फरक पडत नाही. या बसतील इथे. मैद्याचे हात सगळे सारखेच दिसतात."

काकांनी तोंड उघडलं.

"आधी डोकी मोजून होऊ द्या," पावबाई म्हणाल्या. "भांडण शनिवारी करू. मी येते वेळ काढून."

आणि त्या गेल्यासुद्धा. ही बाई स्वतःच्या हाताने चार नंबरची खोली सोडत होती, एकतीस माणसांची प्रतीक्षायादी खिशात असताना. मी तिच्या जागी असतो तर तपासनीसबाईंना आधी चार नंबरला घेऊन आलो असतो.

तिघींपैकी दोघी खळीच्या पातेल्यापाशी बसल्या. तिसरी आमच्या मागे, खिडकीजवळच्या टेबलाशी, डोक्यावरून पदर घेऊन, काकांकडे पाठ करून बसली. तिने पदराच्या टोकाने हात पुसले, छापील कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि घड्या घालायला लागली. मी मान खाली घातली.

तपासनीसबाई तरुण होत्या, चष्मेवाल्या, कामाला चोख. त्यांनी पेनाने हवेत एक-एक डोकं टिपलं. दहा. कागदावर दहा लिहिलंसुद्धा. मग त्या पातेल्यापाशी थांबल्या. तिथल्या दोघींना खळ ढवळत बसायला सांगितलं होतं, पण हाताची सवय जाते कुठे? त्यांनी डब्यातला उरलेला मैदा खळीत घालून त्याचा झकास गोळा मळला होता आणि वर ओलं फडकं टाकलं होतं. निळसर, टम्म, गोंडस गोळा. तपासनीसबाईंनी विचारलं की हे काय. त्यातली एक म्हणाली, "फुगायला ठेवलंय."

तेही निभावलं असतं. तपासनीसबाईंना बांधणीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि त्या खिडकीजवळच्या टेबलाकडे वळल्या. तिथे हाडाची पट्टी सपासप चालत होती. कागद पडायचा, घडी बसायची, पट्टी फिरायची, फर्मा ढिगावर. कोपऱ्याला कोपरा असा, की मधून उजेड जाऊ नये. आम्ही सहा आठवड्यांत जे केलं नव्हतं ते पाच मिनिटांत तिथे रचलं गेलं होतं.

"मावशींचा हात फार सुरेख आहे," तपासनीसबाई म्हणाल्या. "तुमच्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनी दिसतात या."

काका पुढे आले. त्यांनी तो ढीग पाहिला. वरचा फर्मा उचलून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तीस वर्षं जी घडी त्यांच्या बोटाखालून गेली ती बोटांनी ओळखली. चेहरा बघायची गरजच पडली नाही.

"हात बघू," काका म्हणाले.

काकूंनी दोन्ही हात पुढे केले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. उजव्या अंगठ्याच्या नखात कणकेची गोळी होती. नुकतीच नव्हती ती. आत बसलेली, पाच-सहा आठवड्यांची रोजची सवय झालेली. काका बराच वेळ तो हात धरून उभे होते. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. दहा लिहून झालं होतं. त्यांच्या मागे दाबयंत्र उभं होतं. गप्प राहायला काही लागत नाही, मी तीन आठवडे तेच करत होतो.

"या तिघी माझ्या नाहीत," काका म्हणाले.

तपासनीसबाईंनी विचारलं, तिघीही?

"ही घरी माझी आहे. वर्गात त्यांची."

तपासनीसबाईंनी दहावर काट मारली आणि सात लिहिलं. नियम सातमध्ये सात बसत नव्हते.

नंतर आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो होतो, काका, काकू आणि मध्ये नको तिथे मी. भिंतीपलीकडून वास येत होता. मला वाटलं होतं काका तडकतील. पण ते लहान मुलासारखे एवढंच म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"अहो, तुम्ही सगळ्या केंद्राचे हात तपासलेत," काकू म्हणाल्या. "माझा एकदा बघितला असतात तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं."

काकांनी विचारलं की गोळा उचलून दाखवला म्हणजे नेमका कसा, दोन हातांत की एका. मी ही गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. काकूंनीही नसावी. भिंत तारकचेरीची असली तरी पातळ होती.

"दोन हातांत," काकू म्हणाल्या.

"हूं," काका म्हणाले. आणि मग, अगदी जड जिभेने: "घड्या चांगल्या झाल्या होत्या."

"कळलं. तुम्ही त्या पुन्हा दाबून नाही घेतल्यात."

वर्ग शनिवारी बंद झाला. माझी एक वही तोवर पुरी झाली होती, निळसर खळीची, एक कोपरा जरा उसवलेला. मी ती मोठ्या ऐटीत घरी नेली. बायकोने हातात घेऊन उलटसुलट केली, फारच छान म्हणाली, आणि आठवड्याने ती साडूकडे दिसली. तो तिच्यात पावाची प्रमाणं लिहितो.

चार नंबरच्या खोलीत पावबाईंनी दुसरी भट्टी बसवली. प्रतीक्षायादीतले पहिले वीस जण आत आले. दाबयंत्र हलवायला सहा माणसं लागली असती म्हणून ते तिथेच आहे. त्याच्यावर ट्रे थंड करायला ठेवतात. पावबाईंनी काकांना निरोप पाठवला होता की केव्हाही या, यंत्राला तेल घालून जा. काका गेले नाहीत. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार ते साडेचारऐवजी पावणेपाचला घरून निघू लागले आणि काकूंची हिरवी पिशवी धरून केंद्राच्या दारापर्यंत बरोबर येत राहिले. सात वाजता पुन्हा दारात. काकू बाहेर आल्या की आधी हात बघायचे. काकूंना ते आवडत असावं, कारण त्या हात धुऊन येत नसत.

पुढच्या महिन्यात पुठ्ठेकाकांनी पावाच्या वर्गासाठी अर्ज दिला. 'हा वर्ग का निवडला' हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. प्रतीक्षायादीत त्यांचा क्रमांक तेविसावा होता. सत्र संपलं तेव्हा यादी अठरापर्यंत आली होती, आणि नियमाप्रमाणे दर सत्राला यादी रद्द होते.